चार आण्यांची वाट

आबा वाटा आण्यांत मोजतात. "ही चार आण्यांची, ती पलीकडची आठ आण्यांची, आणि शिवेवरची पुरी साखळीची." लहान असताना मला वाटायचं की त्या वाटेनं जायचे पैसे पडत असणार, आणि आबांच्या ओळखीमुळं आपल्याला फुकट सोडतात. आबा भूकरमापक होते. उभी हयात लोकांचे बांध मोजण्यात गेली आणि आमच्या घरात साखळी, टिपण, फाळणी हे शब्द मीठ-मिरचीसारखे वापरात राहिले. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. तिचे भाग सोळा, म्हणून सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. पुण्याच्या आसपास ज्या गुंठ्यापायी भाऊ भावाशी बोलत नाही, तो एवढाच.

गावनकाशावर पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवतात. तिची रुंदी सव्वाआठ फूट धरायची, म्हणजे चार आणे. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. डोक्यावर भारा घेतलेली बाई आणि समोरून येणारी म्हैस एकमेकींना न घासता गेल्या पाहिजेत, असा काहीतरी विचार या सव्वाआठ फुटांमागं असावा, असं मला वाटतं. आबांना हे साफ नामंजूर आहे. ते म्हणतात, हिशेब साखळीचा, त्यात म्हैस आणू नको.

आमच्या घरापासून ओढ्याकडं जाणारी वाट चार आण्यांची. आता तिच्या टोकाला अकरा मजल्यांच्या चार इमारती उभ्या आहेत. वाटेवर सिमेंट पडलं, विजेचे खांब आले, एका बाजूला किराणा आणि दुसऱ्या बाजूला 'घरगुती मेस'ची पाटी आली. शाळेची पिवळी बस शिरली की समोरच्या मोटारीला मारुतीच्या पारापर्यंत उलटं जावं लागतं. वाट मात्र अजून चार आण्यांचीच आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक गुंठ्याचा भाव विचारतात, मागं अनुभव घेतला आहे. एवढं पुरे, की ३० जून २०२१ रोजी जी २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यांतलं ते एक.

त्या वेळी मी गावातच होते. करोनाचे दिवस, ऑफिस घरून चाललेलं. समावेशाची बातमी आली आणि दोन-चार दिवसांनी ग्रामपंचायतीचं दप्तर न्यायला माणसं आली. लाकडी कपाट उघडलं, आतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला. नमुना आठची रजिस्टरं, जन्म-मृत्यूची नोंदवही, घरपट्टीची पावतीपुस्तकं, शिक्के, आणि लाल कापडी पुठ्ठ्याची प्रोसिडिंग बुकं. ग्रामसेवक एकेक वही यादीवर टिक करून पुढं सरकवत होते. आबांनी त्यांना विचारून एक जुनं प्रोसिडिंग मागून घेतलं आणि पायरीवर बसून वाचायला लागले. थोड्या वेळानं मला हाक मारली.

"हे बघ."

विषय क्रमांक चार. ओढ्याकडे जाणारा रस्ता रुंद करणेबाबत. सर्वानुमते मंजूर. खाली सूचक, अनुमोदक. आबांनी पानं उलटली. काही वर्षांनी पुन्हा तोच विषय, पुन्हा सर्वानुमते. मग आणखी एकदा. तिन्ही ठरावांना सूचक एकच गृहस्थ, आणि गंमत अशी की वाटेत सगळ्यांत पुढं आलेली भिंत त्यांच्याच गोठ्याची.

हे आधीच सांगून टाकते, कारण 'गाव गेलं, गावपण गेलं' असा गळा मला काढायचा नाही. आमची ग्रामसभा काही लोकशाहीचं देऊळ नव्हती. पुढं दहा-बारा पांढऱ्या टोप्या, मागं भिंतीला टेकून बायका, आणि ठराव आधीच लिहून आणलेला. पण ज्याच्या भिंतीमुळं वाट अडली, तो माणूस रोज सकाळी दूध घालायला आमच्या दारात यायचा. त्याला आजी तोंडावर बोलायची आणि त्याला ते ऐकून घ्यावं लागायचं. निर्णय होत नव्हता. पण तो कुणामुळं होत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पुण्याची हद्द ही चीज मुळातच रबरी. महापालिका झाली १९५० साली. सप्टेंबर १९९७ मध्ये एका फटक्यात ३८ गावं आत आली. शेतकऱ्यांनी विरोध केला, करवाढीवरून मोर्चे निघाले, आणि काही वर्षांत १५ गावं पूर्ण आणि ५ गावं अंशतः बाहेर काढली गेली. उरली २३. मग २०१४ मध्ये ३४ गावं घ्यायची अधिसूचना निघाली, त्यांत ही बाहेर काढलेली बरीचशी पुन्हा होती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली. राहिलेली आली २०२१ मध्ये. तीही २३. त्यामुळं पुण्यात कुणी 'तेवीस गावांचा आराखडा' म्हणालं की विचारावं लागतं, जुनी तेवीस की नवी तेवीस? नव्या तेविसांनंतर महापालिकेचं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं आणि राज्यातली सगळ्यांत मोठी महापालिका म्हणून पेपरांत मथळे आले. जणू काही हिंदकेसरीची गदा मिळाली.

हद्द वाढवायला एक अधिसूचना पुरते. आराखड्याचं तसं नसतं. नगररचनेचा आपला कायदा १९६६ चा. त्यात विकास आराखड्याची पहिली पायरी म्हणजे 'इरादा जाहीर करणे'. हा शब्द मला फार आवडतो. एखाद्या जुन्या सिनेमातल्या नायकासारखा. इरादा जाहीर करायचा, मग आज कुठल्या जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा करायचा, मग प्रारूप आराखडा, त्यावर लोकांच्या हरकती-सूचना, मग सुनावणी, मग शासनाची मंजुरी. मंजुरी मिळाल्यावर शाळा, बाग, दवाखाना यांच्या आरक्षणाची जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि तरीही मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. म्हणजे या सगळ्या कारभाराला एक घड्याळ आहे. आणि हद्द हलली, की घड्याळाचे काटे मागं जातात.

जुन्या तेविसांचंच बघा. गावं १९९७ ला आली. त्यांतल्या बाणेर-बालेवाडीचा आराखडा मंजूर व्हायला २००८ उजाडलं. डोंगरउतारांवर जैववैविध्य उद्यानाचं, सगळे बीडीपी म्हणतात ते, ९७८ हेक्टरांचं आरक्षण होतं; त्याचा फैसला २०१५ मध्ये. अठरा वर्षं. १९९७ मध्ये जन्मलेलं पोर तोवर मतदार झालं. या अठरा वर्षांत टेकड्यांच्या पायथ्याशी काय काय झालं, ते वारजे-धनकवडीकडून येताना खिडकीतून दिसतं. आराखड्यात हिरवा रंग भरत होता तेव्हा जमिनीवर विटांचे ट्रक उतरत होते. अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे, सातबाऱ्यावर अकरा नावं चढवायची, मधून गाडी जाईल एवढी फट सोडायची आणि कामाला लागायचं. या लोकांना मी दोष देत नाही. त्यांतले निम्मे माझ्या वर्गातले होते. त्यांना घर हवं होतं आणि आराखडा कुणाच्या तरी टेबलावर होता.

आणि हद्द न हललेल्या जुन्या शहराचं तरी कुठं वेळेवर झालं? २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठीचा त्याचा आराखडा मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये, वीसांतली दहा वर्षं खर्ची पडल्यावर. मध्येच, २०१५ मध्ये, महापालिकेच्या सभेला तो मुदतीत पुरा करता आला नाही म्हणून शासनानं काढून घेतला. शहरात शाळा कुठं आणि स्मशान कुठं, हे ठरवायचा हक्क निवडून दिलेल्या लोकांकडून गेला, आणि तो तारीख उलटून गेली म्हणून गेला. परीक्षेला उशिरा पोचलेल्या मुलाचा पेपर दुसऱ्यानंच लिहावा, तसं.

आमच्या तेविसांची तऱ्हा आणखी निराळी झाली. ३० जूनला आम्ही महापालिकेत आलो आणि त्याच जुलैत शासनानं ठरवलं की या गावांचं नियोजन पीएमआरडीएकडंच राहील. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापना २०१५, हाताखाली आठशेच्या वर गावं. त्यांचा प्रारूप आराखडा तयार होत आला होता. तो ऑगस्टच्या सुरुवातीला प्रसिद्धही झाला. म्हणजे कचरा, दिवे, घरपट्टी, पाणी एका कचेरीचं आणि कुठं काय बांधायचं ते दुसऱ्या कचेरीचं. एकीनं इमारतीला परवानगी द्यायची, दुसरीनं त्या इमारतीच्या नळाला पाणी द्यायचं. मधल्या काळाची तजवीज म्हणून बिल्डर हमीपत्र लिहून देतो, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत टँकरनं पुरवू. आमच्या ओढ्याच्या बाजूला सकाळी सहाला टँकरची जी रांग लागते, ती या हमीपत्राची रांग.

यातलं सगळ्यांत वाईट रूप जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला या बाजूला गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले आणि जीबीएस हा शब्द आठवडाभरात भाजीवालीच्याही तोंडी झाला. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. बोट पाण्याकडं गेलं. बहुतेक पुण्याला पाणी पाजणारं खडकवासला धरण इथंच. पण शहराचं पाणी शुद्धीकरण केंद्रांत जाऊन, स्वच्छ होऊन पेठांत पोचतं, आणि धरणाच्या कुशीतली ही गावं समावेशाला साडेतीन वर्षं झाली तरी विहिरीच्या पाण्यावर, त्यात क्लोरीनची पावडर टाकून, नाहीतर टँकरवर आणि आरओच्या कॅनवर. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडं म्हण म्हणून कुणी वापरत नाही. ती माहिती आहे.

नगरसेवकाला धरावं म्हटलं, तर नगरसेवक नाही. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आयुक्तच प्रशासक झाले, आणि पुढं जवळजवळ चार वर्षं निवडणूक झाली नाही. आमचे सरपंच गेले २०२१ मध्ये. त्यांच्या जागी मतं मागायला कुणी यायला २०२६ चा जानेवारी उजाडला. आधीच्या अकरा गावांना निदान पोटनिवडणुकीत दोन नगरसेवक मिळाले होते. अकरा गावांना मिळून दोन. ग्रामपंचायतीत गावागणिक सात ते सतरा सदस्य असतात, ते जमेला धरा आणि वजाबाकी करा. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं नगरनियोजन हा विषय शहरांच्या लोकनियुक्त संस्थांच्या यादीत घातला. महानगर नियोजन समितीतले निदान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि सरपंच मंडळींनी आपल्यातून निवडून द्यावेत, असं लिहून ठेवलं. आमच्याकडं त्या वर्षांत सरपंचही नव्हते आणि नगरसेवकही नव्हते. घटनेतल्या त्या कलमात आम्ही नेमके कोण, असं मी एकदा आबांना विचारलं. ते म्हणाले, "पोटखराबा."

(पोटखराबा म्हणजे सातबाऱ्यावर ज्याची नोंद असते पण ज्यावर आकार, म्हणजे शेतसारा, बसत नाही ती जमीन. आबांचे विनोद समजायला महसूल खातं यावं लागतं.)

आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा मी तो लॅपटॉपवर त्यांना दाखवला. नाकावर चष्मा, हातात भिंग. पडद्याला भिंग लावून बघणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आमच्या वाटेवरून एक रुंद रस्ता ओढलेला होता, तो गोठ्याची भिंत, किराणा, मेस आणि मारुतीचा पार या सगळ्यांच्या छाताडावरून गेला होता. गावात गडबड उडाली. हरकतींचे मसुदे टाइप करून देणारा एक मुलगा त्या महिन्यात बरं कमावून गेला. सगळ्या प्रदेशातून हरकतींचा आकडा ६० हजारांच्या वर गेला. आबांनी हरकत घेतली नाही.

"का हो आबा? रस्ता चुकलाय ना?"

"चुकलाय की बरोबर, ते पुढचं. आधी नकाशा टिकतो का बघू."

२०२५ मध्ये शासनानं तो आराखडा रद्द केला. आबा 'बघ, सांगितलं होतं' म्हणतील असं मला वाटलं होतं. ते काही म्हणाले नाहीत. रात्री जेवताना एवढंच बोलले, की बिचाऱ्या आरेखकांनी रात्री जागवल्या असतील.

त्याच सुमारास फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचा प्रवास मी कात्रणांत जमवत होते, कारण तो आमच्याहून वरताण. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं या दोन गावांच्या शिवारात पडत आला, तेही गावं शहराच्या बाहेर असताना. कचऱ्याला हद्द लागत नाही. २०१७ मध्ये गावं आत घेतली. महापालिकेनं तिथं नगररचना योजना आखायला घेतल्या. ही पद्धत मुंबई प्रांतात १९१५ पासूनची: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेलं प्रत्येकाला नीट चौकोनी करून परत द्यायचं. रस्ता सगळ्यांच्या पोटातून जातो, म्हणून एकट्याच्या पोटात दुखत नाही. मला तरी आपल्याकडची हीच त्यातल्या त्यात न्यायाची रीत वाटते, आणि तिला लागते फक्त एकच गोष्ट: सुरू करणारा माणूस शेवटपर्यंत तिथं असला पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही गावं बाहेर काढायचं ठरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. ग्रामपंचायत, महापालिका, नगर परिषद. सात वर्षांत तीन पाट्या. पाटी रंगवणाऱ्याचं बरं झालं असेल.

बरं, गावकऱ्यांनाच बाहेर पडायचं होतं, हेही खरं. मालमत्ता कराच्या बिलांनी लोकांचे डोळे पांढरे झाले होते. छोटी नगर परिषद म्हणजे आपला नगराध्यक्ष आपल्या आळीतला. हे आकर्षण मी समजू शकते, गोठ्याची भिंत आठवत असूनसुद्धा. मोठी संस्था हवी की छोटी, या वादात मी आता पडत नाही. धरणापासूनची नलिका आखायला मोठी लागते आणि मारुतीचा पार वाचवायला छोटी. पण एकीकडून दुसरीकडं जाताना जी वर्षं पडतात, त्यांचं काय करायचं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि गावं बांधली जातात ती नेमकी त्याच वर्षांत.

आबांनी हे मला एकदा फरशीवर दाखवलं होतं, तेव्हा समावेशाचा विषयही नव्हता. आमच्या आणि शेजारच्या गावाचे दोन जुने नकाशे त्यांनी शेजारी पसरले, कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, पंचांग आणि माझी कंपासपेटी ठेवली. "आता शीव जुळव." दोन्हीकडं तीच शीव. मी कडा सरकवत राहिले. वरून जुळली की खालून फट. खालून जुळवली की ओढ्यापाशी एक नकाशा दुसऱ्यावर चढायचा. शेवटी सुतळीच्या जाडीची फट राहिलीच. नकाशाचं मान, म्हणजे प्रमाण, एका इंचाला वीस साखळ्या.

"सुतळी म्हणजे किती?"

"इंचाचा दहावा हिस्सा धर."

"दोन साखळ्या. सहासष्ट फूट."

"हां. ते सहासष्ट फूट याही गावात नाहीत आणि त्याही गावात नाहीत. कागदावर."

"आणि जमिनीवर?"

"जमिनीवर कशी फट असेल? तिथं कुणीतरी ज्वारी पेरलेली असते."

माझ्या आत्याच्या लग्नात सीमांतपूजन खरोखर शिवेवर झालं होतं, असं आजी सांगायची. वऱ्हाड बैलगाड्यांतून शिवेवर आलं, तिथं नवरदेवाचे पाय धुतले, मग वेशीतून आत. माझं सीमांतपूजन कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, एसीत. गुरुजींनी 'ही शीव समजायची' म्हणून सतरंजीच्या कडेकडं बोट दाखवलं होतं. शीव कुठंही समजता येते, याची सवय आम्हाला तेव्हापासूनची म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर आबांनी हट्टच धरला. नवा आराखडा आता कुणीतरी पुन्हा करेल, त्याआधी मला शिवेवरचा दगड बघायचा आहे. वय ७८, गुडघे कुरकुरतात. हातात काठी, डोक्यावर कानटोपी. आम्ही चार आण्यांच्या वाटेनं निघालो. वाटेत दोनदा भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं, एकदा टँकरसाठी आणि एकदा सिलिंडरच्या टेम्पोसाठी. ओढा आता पाइपातून जातो. तो ओलांडल्याचं फक्त वासावरून कळतं.

शीव होती तिथं आता सोसायटीचं फाटक आहे. आबा वाकून बांधकामाच्या कडेनं काहीतरी शोधायला लागले, तशी रखवालदारानं हटकलं. परभणीकडचा तरुण पोरगा होता.

"काय पाहिजे, आजोबा?"

"दगड."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "दगड नाही, देव आहे. पार्किंगच्या मागं. या."

दोन मोटारींच्या मधून आम्ही मागं गेलो. भिंतीच्या कोपऱ्यात टाइल्सचा चौथरा, वर पत्र्याचं छप्पर, एक घंटा. मध्ये शेंदरानं जाड झालेला गुडघाभर दगड, त्याला चांदीचे डोळे. ताजा हार होता. म्हसोबा, रखवालदार म्हणाला. बिल्डरनं दगड हलवायचं ठरवलं होतं, पण कामावरच्या लोकांनी हात लावायला नकार दिला. मग सोसायटीनं वर्गणी काढून हे बांधलं. अमावास्येला नारळ असतो.

आबा पुढं झाले. दगडाच्या डोक्यावर, शेंदराखाली, छिन्नीनं खोदलेली खूण बोटानं चाचपता येते का, ते त्यांना बघायचं होतं. १९७१ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी, दोन गड्यांना हाताशी धरून तो त्यांनी स्वतः पुरला होता.

"आजोबा," रखवालदार हळूच म्हणाला, "चप्पल काढा."

आबांनी काठी माझ्याकडं दिली, भिंतीला हात टेकला आणि एकेक करून चपला काढल्या. मग दगडाच्या डोक्यावर बोटं ठेवून बराच वेळ उभे राहिले. रखवालदाराला ते दर्शन वाटलं असावं, त्यानं घंटा वाजवली.

परत फिरताना आबांनी दगडापासून समोरच्या भिंतीपर्यंत अनवाणीच पावलं मोजली.

"चार आणे," ते म्हणाले. "घाल माझ्या चपला."